लेकीनं निवडलेला दवाखाना

माझी लेक पंधरा वर्षांची. पाळीत फार रक्त जायलं होतं, पोरगी पार पिवळी पडली. आमचे नेहमीचे डॉक्टर वीस वर्षांच्या ओळखीचे, पण तिथं ती तोंडच उघडंना. ते विचारायचे, उत्तर मीच द्यायचे. बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, मला बाई डॉक्टर पाहिजेत. अन् तू बाहेर बसायचं." लागलं मनाला, खरं सांगते.

शाळेत आलेल्या आशाताईंकडून तिनं सरकारी दवाखान्यातल्या 'मैत्री' क्लिनिकचं ऐकलं होतं. 2014 पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली ही सोय, 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी. एसटीनं परभणीला गेलो. समुपदेशक ताईंनी आधी लेकीला खुर्ची दिली. वीस मिनिटं दोघीच बोलल्या. आईला काय सांगायचं, हे तिलाच विचारून मग मला आत घेतलं. हिमोग्लोबिन 8.6 निघालं; या वयाला 12 तरी पाहिजे. बाई डॉक्टरांनी तपासून लोहाच्या गोळ्या दिल्या. चहासोबत घ्यायची नाही, जेवणात लिंबू पिळायचं, शी काळी झाली तरी घाबरायचं नाही, हे सगळं माझ्याकडं न बघता तिलाच समजावलं.

एकच खटकलं. बाकडी ओपीडीच्या वऱ्हांड्यातच आहेत, गावचं कुणी ना कुणी दिसतंच. लेकरांसाठी तिथं आडोसा हवाच.

तीन महिन्यांनी 11.2 झालं. घरी गोळीची आठवण मी करून देत नाही. पुढची तारीख तिनंच कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.