आवळा की कोकम? आकड्यांत एक पुढे, स्वयंपाकात दुसरं

दोन्हींपैकी एकच घरात ठेवायचं असेल, तर आवळा ठेवा. पण रसाच्या बाटलीवर ठळक अक्षरांत छापलेलं ‘अँटिऑक्सिडंट’ हे त्याचं कारण नाही.

आकड्यांचंच पाहायचं, तर सामना एकतर्फी आहे. ओस्लोतल्या संशोधकांनी २०१० मध्ये ३,१०० हून अधिक खाद्यपदार्थ, मसाले आणि वनौषधींची अँटिऑक्सिडंट क्षमता एकाच पद्धतीने मोजून यादी छापली. तीत वाळवलेल्या आवळ्याचा आकडा दर १०० ग्रॅममागे २६१ मिलिमोलपर्यंत जातो, आणि नेहमीच्या खाण्यातली फळं त्याच्या आसपासही नाहीत. मात्र हे मोजमाप परीक्षानळीतलं. असेच ‘ओरॅक’ (अँटिऑक्सिडंट क्षमतेचं दुसरं एक मोजमाप) आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या संकेतस्थळावर ठेवले होते. ते २०१२ मध्ये काढून टाकले, कारण शरीरातल्या परिणामाशी त्यांचा मेळ बसत नव्हता आणि विक्रेते ते जाहिरातीत सर्रास वापरत होते. आणखी एक गोम आहे. एकूण फिनॉलिक, म्हणजे वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट गुणाची संयुगं, मोजायला बहुतेक प्रयोगशाळा फोलिन-सिओकाल्टो चाचणी वापरतात, आणि तिचं अभिक्रियक क जीवनसत्त्वालाही प्रतिसाद देतं. त्यामुळे आवळ्याचा ‘फिनॉलिक’ आकडा थोडा फुगलेलाच मिळतो.

दोघांतली फिनॉलिक संयुगंही वेगळ्या जातकुळीची. आवळ्यात गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल आणि टॅनिन भरपूर. तुरटपणा त्यांचाच. लोखंडी विळीवर आवळे चिरून पाहा: पातं आणि फोडीची कड काही वेळात निळसर काळी पडते. टॅनिन लोहाला पकडतं, त्याचा हा रंग. जुन्या काळी मायफळापासून शाई करत ती याच रसायनावर. म्हणून आवळा खाल्ला की हिमोग्लोबिन वाढतं, हे सरसकट विधान जरा जपून घ्यावं. त्यातलं क जीवनसत्त्व जेवणातलं लोह शोषायला मदत करतं, टॅनिन ते अडवतं, आणि दोघं एकाच फळात नांदतात.

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा. ही रंगद्रव्यं पाण्यात विरघळतात, म्हणून आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, उतरतात. सालीतलं दुसरं नावाजलेलं संयुग गार्सिनॉल. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पातळ सरबतात ते फारसं येत नाही. प्रयोगशाळेत गार्सिनॉलचे जे गुण दिसतात ते पेशींवरच्या आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांतले आहेत. ते सोलकढीच्या वाटीला चिकटवण्यात अर्थ नाही. अँथोसायनिनही आतड्यातून फार थोडी शोषली जातात. उरलेल्यावर आतड्यातले जिवाणू काम करतात, आणि ते प्रत्येकाचे वेगळे.

मग आवळा का? क जीवनसत्त्वासाठी. जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम लिहिलेलं असे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ते २५० च्या आसपास आहे. तरी चाळीस ग्रॅमचा एक आवळा म्हणजे साधारण १०० मिलिग्रॅम, आणि प्रौढ पुरुषाची रोजची शिफारस ८०, स्त्रीची ६५. एका फळात दिवसाचा हिशेब पुरा. कोकम इथे स्पर्धेतच नाही.

पण खरी गडबड फळात नसते, बरणीत असते. मोरावळा आणि अमृत कोकम दोन्ही मुळात साखरेचे पदार्थ. मधुमेहाच्या माणसाने त्यांना औषध म्हणू नये. आवळा सुपारी, आवळकाठी उन्हात वाळलेली, म्हणजे क जीवनसत्त्व बरंच गेलेलं, टॅनिन टिकतं. आगळात साखर नसते, पण ते मिठावरच टिकतं, तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी रोज ग्लासभर आगळपाणी पिणं काही शहाणपणाचं नाही. आमसुलांनाही मिठाच्या रसाची पुटं दिलेली असतात. मात्र आमटीत दोन-तीन आमसुलं पडतात, तेवढ्याने बिघडत नाही. कोकमाची माझ्या लेखी हीच मोठी बाजू: ते रोजच्या स्वयंपाकात आपोआप येतं, त्यासाठी वेगळं काही ‘घ्यावं’ लागत नाही.

कोकमातलं हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल वजन उतरवतं म्हणून मिळणाऱ्या गार्सिनिया कॅप्सूल मात्र सरळ टाळा. त्यांतल्या बऱ्याच कोकमाच्या चुलतभावापासून बनवतात, आणि त्या घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणाऱ्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर आवळ्याचा अर्क सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. जेवणात आवळ्याची एखादी फोड आली तर प्रश्न नाही.

सरबत विकत घेताना एक सोपी परीक्षा: वाटीत चमचाभर सरबत, पाणी आणि चिमूटभर खायचा सोडा. अँथोसायनिनचा रंग लालवरून निळसर जांभळ्याकडे सरकतो. तसाच लालभडक राहिला, तर बहुधा बाहेरून रंग घातलाय.

आवळे कार्तिकापासून थंडीभर स्वस्त असतात, तेव्हा किसून फ्रीझरमध्ये टाका. उन्हात वाळवण्यापेक्षा ते बरं. रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये. आगळ तेव्हाच ताजं भरून घ्या आणि काचेच्या बाटलीत, उजेडापासून लांब ठेवा. तपकिरी पडलं की अँथोसायनिन बरीचशी गेली समजायची. आमटीपुरता आंबटपणा मात्र त्यात तरीही शिल्लक असतो.