नव्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या पोटाखालचा गंज : १४ महिन्यांनंतर

डोळ्यात गंज गेला म्हणून हे लिहायला बसलोय. अलंकारिक नाही, खरोखरचा गंज. पंधरा दिवसांपूर्वी लडिंग्टनला, लेक मिशिगनच्या काठी, ट्रेलर (पिकअपमागे ओढायचं आमचं चाकांवरचं घर) लावला आणि मागचा उजवा स्टॅबिलायझर जॅक, म्हणजे उभा ट्रेलर हलू नये म्हणून खाली सोडायचा टेकू, काही केल्या खाली येईना. आडवा होऊन खाली शिरलो, हातोडीचे दोन ठोके घातले आणि वरचा तांबडा भुगा थेट डोळ्यात. अर्जंट केअरमध्ये ७५ डॉलर मोजून परत आलो, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "गॉगल टूलबॉक्समध्येच होता ना?" होता.

ट्रेलरची बाकी माहिती देत बसत नाही, ती सगळीकडे मिळते. २६ फुटी, दोन अ‍ॅक्सलचा, हाफ-टन पिकअपमागे ओढतो. आतलं सगळं ठीक आहे. एसी गार करतो, फ्रिज चालतो, एक खिडकी पावसात गळायची ती ब्यूटाइल टेप लावून मीच बंद केली. मुलं बंकवरून उतरायला तयार नसतात. पाच ट्रिपा झाल्या, सगळ्या मजेत. माझं भांडण आहे ते जमिनीपासून दोन फुटांपर्यंतच्या भागाशी.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी ट्रेलर घरी आणला. तिसऱ्या आठवड्यात टायरची हवा बघायला वाकलो तर काळ्याभोर फ्रेमवर वेल्डिंगच्या कडेकडेने तांबडे ओघळ. कोकणात घराच्या खिडकीचे गज पावसाळ्यात भिंतीवर ओघळ सोडतात, अगदी तसे. पायरीचा ब्रॅकेट, पुढचा ए-फ्रेम (पिकअपला जोडायचा त्रिकोणी भाग), स्प्रिंगचे शॅकल, यू-बोल्ट, सगळीकडे कमीजास्त तेच. तीन आठवड्यांत एवढा गंज? आणि त्यातला निम्मा काळ तर ट्रेलर ड्राइव्हवेवर कोरडा उभा होता.

२३ फोटो काढून डीलरकडे गेलो. सर्व्हिसवाल्याने फोटो असे सरकवले, जसे कुणी लग्नाचा अल्बम दाखवतंय. "सरफेस रस्ट आहे. नॉर्मल आहे." म्हटलं, अहो, तीन आठवड्यांचा आहे. म्हणाला, नवीनलाही येतो. वॉरंटीच्या पुस्तकात बारीक अक्षरात होतंच, की गंज ही देखभालीची बाब, कंपनीची नव्हे. मग त्याने शेवटचा बाण मारला. "तुम्ही ते अंडरकोटिंगचं पॅकेज घेतलं नव्हतं, नाही का?" ट्रेलरच्या पोटाला गंज रोखणारा रबरी थर मारायचं, १,४९५ डॉलरचं पॅकेज. नव्हतं घेतलं. खरेदीची सही करताना डीलरचा माणूस एकामागून एक पॅकेजं पुढे सरकवत होता आणि मी प्रत्येकाला नाही म्हणण्यात धन्यता मानत होतो. परतीच्या वाटेवर त्या एका 'नाही'चा फार पश्चात्ताप झाला. पश्चात्तापाचं पुढे काय झालं ते सांगतो, थांबा.

घरी येऊन पुढच्या डाव्या कोपऱ्यावरचं स्टिकर पाहिलं. बनवल्याचा महिना : जानेवारी. तिथेच उलगडा झाला. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे अशी चाकांवरची घरं, इंडियाना राज्यात, एल्कहार्टच्या परिसरात बनतात. तिथून डीलरकडे ट्रेलर खोक्यात बंद होऊन येत नाही, तर एखादा ड्रायव्हर आपल्या पिकअपला जोडून त्याच्याच चाकांवर ओढत आणतो. म्हणजे माझा ट्रेलर ऐन हिवाळ्यात, बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या हायवेवरून दीड-पावणेदोनशे मैल मिठाचा फवारा पोटावर घेत आला. नंतर कुणी खालून साधा पाण्याचा पाइपही मारला नसणार. तसाच डीलरच्या आवारात उभा राहिला, बर्फ वितळला, ऊन पडलं, आणि मी चकचकीत अंग बघून चेक फाडला. गंज माझ्याआधीच तिथे राहायला आला होता.

इथल्या मिठाची गंमत अशी, की डेट्रॉइट शहराच्या खाली, अकराशे फुटांहून अधिक खोल, मिठाची खाण आहे. वर गाड्या बनवायच्या आणि खालून त्यांना खाणारं मीठ काढायचं! मीठ स्वतः लोखंड खात नाही म्हणा. ते ओलाव्यात विरघळलं की त्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंज हा शेवटी बारीकसा बॅटरीचाच खेळ. त्यात रस्त्यावर नुसतं साधं मीठ नसतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणीही फवारतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याला फ्रेम कोरडी दिसते, पण ती आतून घामेजलेली असते.

आता माझा खरा राग. तो काळा रंग! त्याला रंग म्हणायचं तर आमच्या गावच्या रंगाऱ्याची माफी मागावी लागेल. लोखंडाच्या तुळईवर गरम रोलिंगच्या वेळी आलेली निळसर-काळी पापडी तशीच, वेल्डिंगचे उडालेले थेंब तसेच, त्यावर एक पातळ हात मारला की झालं. पापडी सुटली की रंग तिच्यासोबत सुटतो. वेल्डच्या थेंबाभोवती तर तो नीट बसलेलाच नसतो, म्हणून गंज नेमका तिथून सुरू होतो. नख घातलं तर पोपडा निघाला. अठ्ठावीस हजार डॉलरची वस्तू आणि नखाने रंग निघतोय. याच देशात बोटीचा ट्रेलर गॅल्वनाइज्ड सर्रास मिळतो. युरोपातल्या कॅरव्हॅनची चासी तर बहुधा वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलीच असते. आमच्या गोठ्यावरचा पत्रासुद्धा गॅल्वनाइज्ड होता, आणि त्याखाली म्हशी राहायच्या.

बाबांना रत्नागिरीला फोन लावला. ते दरवर्षी मे महिन्यात खिडक्यांचे गज रंगवायचे, रोहिण्या लागायच्या आत. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न, "पॉलिश पेपर मारलास का आधी?" म्हटलं, अजून काहीच मारलं नाही. "मग फोन कशाला केलास? घास आधी. जेवढं सुटतंय तेवढं सुटू दे. वरून रंग फासलास तर गंज आत बसून खात राहील." कितीला पडला विचारलं, मी रुपयांत सांगितलं, पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

काम ऑगस्टच्या दोन कोरड्या वीकेंडना काढलं. ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवला, चाकांना दोन्हीकडून अडसर (चोक), फ्रेमखाली जॅक स्टँड. स्टॅबिलायझर जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, ते हेलकावे थांबवायला असतात, वजन पेलायला नव्हे. पहिल्या दिवशी फक्त धुणं : साध्या पाण्याने, मग डिग्रीझरने, परत पाण्याने. मीठ घालवल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. दुसऱ्या दिवशी ग्राइंडरला वायरचा ब्रश लावून सुटलेला गंज आणि पोपडे काढले. पाठीवर पडून, हात वर करून चार तास. पन्नाशीला आलेल्या माणसाने खांद्यांचा विचार आधी करावा.

मग रस्ट कन्व्हर्टर. दुधासारखा पांढरा द्रव, ब्रशने लावला की डोळ्यांदेखत तांबड्याचा काळा होतो. मला आधी जादूच वाटली, मग आठवलं, आईने एकदा लोखंडी कढईत आवळे शिजवले होते आणि सगळा मोरावळा काळाठिक्कर पडला होता. तेच हे. टॅनिन आणि लोखंड. हिरडा आणि हिराकसाची जुनी शाई व्हायची तीही याचमुळे. एक लक्षात घ्या, कन्व्हर्टरला काम करायला गंज लागतो. घासून लख्ख केलेल्या लोखंडावर त्याचा उपयोग नाही, आणि सुट्या पापड्यांवर लावला तर पापडीसकट गळून पडतो. २४ तास वाळवून त्यावर ऑइल बेस्ड काळ्या एनॅमलचे दोन हात.

स्प्रिंग, शॅकल, यू-बोल्ट यांना रंग लावला नाही. ते सतत हलतात, रंग तडकतो. तिथे फ्लुइड फिल्म मारलं. हे लॅनोलिनपासून, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनतं. ते वाळत नाही, मेणचट राहतं आणि फटीत शिरतं. वास? नवी घोंगडी पावसात भिजल्यावर येतो तोच. दोन आठवडे आमच्या ड्राइव्हवेवर धनगरवाडा होता, आणि शेजाऱ्यांचा कुत्रा भक्तिभावाने मागच्या चाकाशी येऊन बसायचा. ब्रेकच्या ड्रमवर आणि टायरवर ते जाऊ देऊ नका, रबरी भागांपासूनही लांब ठेवा, रबर फुगू शकतं. धूळ चिकटते आणि हात लावला की हात काळा, हेही खरं.

खर्च सगळा मिळून २१२ डॉलर. १,४९५ शी तुलना करून मी दोन दिवस घरात गुणगुणत होतो. डोळ्याचे ७५ धरले तर २८७, पण ते मी वेगळ्या खात्यात टाकलेत.

पश्चात्तापाचं सांगायचं राहिलं. सप्टेंबरमध्ये कँटनच्या मित्राचा ट्रेलर पाहिला. त्याने दुसऱ्या डीलरकडून असलंच रबराचं अंडरकोटिंग करून घेतलं होतं, दोन वर्षांपूर्वी. वरून बघाल तर काळं, जाड, एकसंध. मी एका फुगवट्यावर बोट दाबलं तर आत पाणी होतं. पोपडा ओढला तर तळहाताएवढं रबर सोलून आलं आणि आत ओला, पदर सुटलेला गंज, माझ्या ट्रेलरवर कधी नव्हता एवढा. मीठ आणि ओल आत ठेवून वरून झाकण लावलं की दुसरं काय होणार. मित्राचा चेहरा बघवत नव्हता, पण मनातल्या मनात मी त्या सर्व्हिसवाल्याला क्षमा केली. सगळीच कोटिंगं अशी नसतील. स्वच्छ लोखंडावर नीट मारलं तर टिकतही असेल. पण डीलरच्या आवारात, जानेवारीच्या मिठावर, कोण घासत बसणार?

इथवर मी शहाणा होतो. ऑक्टोबरमध्ये विंटरायझिंग करताना, म्हणजे थंडीत पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून त्यांत ते गुलाबी अँटिफ्रीझ भरताना, मागच्या बंपरची टोपी काढली. या ट्रेलरांचा बंपर म्हणजे चार इंची चौकोनी पोकळ नळी, आणि तिच्यात सांडपाण्याचा पाइप ठेवायची पद्धत. मी इमानेइतबारे प्रत्येक ट्रिपनंतर पाइप धुऊन, ओलाच, आत सरकवत होतो. आता पाइप ओढला तर त्याच्याबरोबर मूठभर पापड्या आल्या. आतून रंगाचा एक थेंब नाही. आणि याच बंपरला स्टेपनीचं चाक टांगलेलं! बाहेरून वेल्डचे ओघळ मोजत मी २३ फोटो काढले आणि आतल्या गंजाला स्वतःच्या हाताने पाणी घातलं. यात डीलरचा दोष नाही, म्हणून जास्त चिडचिड झाली. बंपरच्या खालच्या बाजूला पाणी निथळायला दोन भोकं पाडली, आत लांब नळीने लॅनोलिन फवारलं, सांडपाण्याचा पाइप आता प्लॅस्टिकच्या डब्यात पिकअपमध्ये जातो. स्टेपनीसुद्धा तिथेच. सायकल रॅक लावायचा विचार होता, तो कायमचा सोडला.

या एप्रिलमध्ये पुन्हा खाली शिरलो, टॉर्च घेऊन. डावीकडची फ्रेम, जिथे घासणं, कन्व्हर्टर, एनॅमल असं सगळं केलं होतं, ती जवळजवळ जशीच्या तशी. उजवीकडच्या शेवटच्या सहा फुटांत मी कंटाळून कन्व्हर्टर गाळला होता आणि नुसता रंग मारला होता (हे बाबांना सांगितलेलं नाही), तिथे फोड आलेत. स्प्रिंगवरचं लॅनोलिन मागच्या बाजूला टिकलं, पण चाकांच्या थेट फवाऱ्यात येतं तिथून धुऊन गेलं. ते वर्षातून एकदा पुन्हा मारावं लागणार. हिवाळ्यात ट्रेलर गवतावर उभा होता, तेही चुकलं. जमिनीची ओल सरळ वर येते. यंदा काँक्रीट शोधतोय.

एकूणात मत बदललंय का? हो, निम्मं. पहिल्या महिन्यात मला वाटत होतं की फ्रेम चार वर्षांत तुटेल. तसं काही नाही. तुळईची जाडी भरपूर आहे आणि वरवरचा गंज तिला इतक्यात हरवत नाही. सर्व्हिसवाला त्या अर्थाने बरोबर होता. पण 'नॉर्मल आहे' हे उत्तर मला आजही चालत नाही. ट्रेलर हवा असेल तर घ्या, मी परत घेईन, पण उन्हाळ्यात बनलेला, आणि सही करण्याआधी खाली आडवा होऊन.

बाकी राहिला तो जॅक. ऑगस्टमध्ये याचा स्क्रू मी सोडून दिला होता, कारण त्यावर वजन नसतं आणि कॅन संपत आला होता. नवीन जोडी सत्तर-ऐंशी डॉलरला मिळते. बायको म्हणते, घेऊन टाक. मी रोज संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल मारून, गॉगल लावून, पान्याने जेवढा हलेल तेवढा हलवतोय. काल पाव फेरा फिरला.