कोकणातला चिखल आणि पिकअप: ट्रॅक्शन कंट्रोल, फोर बाय फोर की नुसते चांगले टायर?

आमच्या बागेची वाट डांबरी रस्त्यापासून जेमतेम चारशे मीटर. पहिले तीनशे मीटर जांभ्याचा कातळ, मग एक चढाचं वळण, तिथे वरच्या परड्यातलं (परसातलं) पाणी उतरतं, आणि त्यापुढे नुसती लाल माती. एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्यांनी भरलेली गाडी या वाटेने डोळे मिटून खाली येते. मृग लागला की त्याच वाटेवर खताच्या गोणी घेऊन वर जाताना देव आठवतात.

माझा देवगडचा मावसभाऊ यंदा नवी पिकअप घेतोय. शोरूममधल्या पोराने त्याला सांगितलं, "साहेब, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, चिखलाची चिंताच सोडा." तेव्हापासून तो मला दर दोन दिवसांनी फोन करून विचारतो, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू का? फोनवर सांगून संपलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी एक रुतलेली गाडी

माझी जुनी पिकअप मागच्या दोन चाकांवर चालणारी, साधी. मेच्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला, पेट्या उतरवून मी रिकामी गाडी परत वर नेत होतो, आणि त्या वळणावर उजवं मागचं चाक मातीत गेलं. डावं चाक चक्क एका चिऱ्यावर, जांभ्याच्या कोरड्या दगडावर होतं. मी ॲक्सिलरेटर दिला. उजवं चाक गरगर फिरून माझ्या बनियनपर्यंत चिखल उडवत होतं आणि डावं मख्ख उभं. शेजारचे आबा बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "मेल्या, रेस मारू नको. जेवढी फिरात तेवढी खाली जातली."

आबांचं बरोबर होतं. डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलवरच्या दोन चाकांना जोर वाटून देणारी आणि वळणात वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना जोर सारखाच मिळतो, आणि तो किती मिळणार हे ठरवतं ते पकड नसलेलं चाक. चिखलातल्या चाकाला फिरायला नाममात्र जोर पुरतो, मग दगडावरच्या चाकालाही तेवढाच नाममात्र जोर जातो. गाडी रिकामी असली की आणखी वाईट, कारण पिकअपचं इंजिनाचं वजन सगळं पुढे आणि चालणारी चाकं मागे. म्हणून तर आमच्याकडे पावसात रिकाम्या गाडीच्या हौद्यात आठ-दहा चिरे टाकून फिरतात. टाकलेत तर मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर टाका आणि दोरीने आवळून बांधा. ब्रेक मारल्यावर चिरा केबिनच्या काचेतून आत यायला वेळ लागत नाही.

अर्धा हँडब्रेक ओढून गाडी काढायची युक्ती बरेच जण सांगतात. मीही करून पाहिली. हँडब्रेक दोन्ही मागच्या चाकांना सारखाच लागतो, त्यामुळे साध्या डिफरन्शियलमध्ये एका चाकाला अडवून दुसऱ्याला दिलेलं दुसऱ्याकडूनही काढून घेतलं जातं. हाती फारसं काही लागत नाही. शेवटी चाकापुढची माती फावड्याने काढली, चार चुडतं (नारळाच्या झावळ्या) घातली आणि रिमच्या भोकांतून सुंभ ओवून टायरला गुंडाळली. दहा-बारा फूट गाडी चढली, मग सुंभ तुटली, पण तोवर वळण मागे पडलं होतं.

ट्रॅक्शन कंट्रोल नेमकं काय करतं

हँडब्रेकला जे जमत नाही तेच. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो, ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएसही तोच वापरतं. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरायला लागलं की फक्त त्याच चाकाचा ब्रेक लागतो. आता ते चाक फिरवायला जोर लागतो, म्हणजे तेवढाच जोर पलीकडच्या, दगडावरच्या चाकालाही पोचतो. त्या दिवशी माझ्या गाडीला हे असतं तर आबांचं बोलणं वाचलं असतं.

पण ही यंत्रणा आणखी एक काम करते, ते म्हणजे इंजिनाचा जोर कापणं. ओल्या डांबरी घाटात हे सोन्यासारखं आहे. परशुराम घाटात रुंदीकरणाच्या दिवसांत डांबरावर लाल राडा पसरायचा. तशा रस्त्यावर रिकाम्या पिकअपची शेपटी वळणात कधी बाहेर जाईल सांगता येत नाही. तिथे ड्रायव्हरला कळायच्या आधी जोर कापला गेला तर देवच पावला म्हणायचं. खोल चिखलात मात्र तीच गोष्ट वैऱ्यासारखी वागते. चिखलातून जाताना गाडीचा ओघ टिकवावा लागतो, आणि टायरच्या खाचांत भरलेला गाळ बाहेर फेकायला चाक थोडं फिरावंही लागतं. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबताय आणि गाडी दम टाकत चालली आहे, असं झालं की समजायचं, यंत्रणा तिचं काम करते आहे आणि तुमचं बिघडवते आहे. म्हणून बंद करायचं बटन असतं. बहुतेक गाड्यांत एकदा दाबलं की ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, दोन-तीन सेकंद धरून ठेवलं की स्थिरता सांभाळणारी यंत्रणाही सुटते. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं परत चालू, हे लक्षात ठेवायचं.

दुसरं दुखणं ब्रेकचं. ही सगळी करामत ब्रेकवर चालते. तीच चढण पाच-सहा वेळा घासून चढायला गेलात तर ब्रेक तापतात आणि यंत्रणा स्वतःला वाचवायला थोडा वेळ गप्प बसते. त्यात लाल मातीचा बारीक खर डिस्क आणि पॅडमध्ये जातो, तो कानसासारखा काम करतो. आणि सेन्सरला चिखल थापला गेला किंवा त्याची वायर तुटली, की एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलचे दिवे जोडीने लागतात, दोन्ही जातात. आमच्या मांगरात (बागेतल्या खोपटात) उंदरांना वायरचं भारी प्रेम, त्यामुळे हे मी गृहीत धरूनच चालतो.

फोर बाय फोर, आणि लॉक

फोर बाय फोर म्हटलं की लोकांना वाटतं चारही चाकं ओढणार. साध्या फोर बाय फोरमध्ये पुढच्या जोडीतलं एक आणि मागच्या जोडीतलं एक चाक घसरलं की गाडी तिथेच उभी, कारण दोन्ही डिफरन्शियल साधीच. तरीही ओढणाऱ्या चाकांवर पुढचं इंजिनाचं वजन येतं, आणि आमच्या वळणावर निम्मं काम तिथेच होतं.

माझ्या मते फोर बाय फोरची खरी किंमत फोर-लोमध्ये, म्हणजे तिच्या सावकाश, जोराच्या गिअरमध्ये आहे. त्यात चाकांवरचा जोर साधारण अडीचपट होतो आणि गाडी मुंगीच्या पावलाने चढते. आपली कोकणातली अडचण वेगाची नसते. शेवाळलेल्या कातळावर ओघ घेऊन चढणारा माणूस फणसाच्या झाडात जाऊन थांबतो. एक काळजी घ्यायची: असं फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून घाटातली वळणं घेऊ नका. पुढच्या आणि मागच्या चाकांचा रस्ता वेगळा पडतो, मधे सोडवायला काही नसतं, आणि ताण गिअरवर बसतो.

डिफरन्शियल लॉक हा तिसरा प्रकार. दोन्ही चाकं एका दांड्यावर बसवल्यासारखी फिरतात, ब्रेक तापत नाही, इंजिन दबत नाही. एक चाक हवेत असलं तरी दुसरं ओढतं. चिखलात ट्रॅक्शन कंट्रोल आणि लॉक यात एकच मिळणार असेल तर मी डोळे मिटून लॉक घेईन. फक्त वळताना तो सोडायला हवा, नाहीतर गाडी सरळच जायला बघते.

जमीन बघून ठरवा

कोकणात "चिखल" हा एक शब्द चार वेगळ्या गोष्टींना वापरतात. कातळावर शेवाळ असतं तेव्हा खाली घट्ट आणि वर बुळबुळीत. तिथे खणायला काही नाही, चाक फिरलं की गाडी आडवी. ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवा, फोर-लो लावा. कातळावर दोन-तीन इंच लाल माती असेल तर टायर ती कापून खाली टेकतो. तिथे चांगले टायर नव्वद टक्के काम करतात, बाकी लाड आहेत. भाताच्या मळ्यातून किंवा मळ्याच्या कडेने जायचं तर खाली टेकायला तळच लवकर लागत नाही. तिथे ट्रॅक्शन कंट्रोल बंद, फोर बाय फोर, ओघ कायम, आणि गाडी थांबली की हट्ट न करता मागे. आणि खाडीकाठचं खाजण, म्हणजे खारी दलदल? तिथे ट्रॅक्टरही रुततो. पिकअप नेऊच नका.

दोन वर्षांपूर्वी मनालीला गेलो होतो. अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला बर्फात गाडी चालवायला मिळाली, तेव्हा हेच हिशोब वेगळ्या कपड्यांत भेटले. चाकांनी दाबून काच झालेला बर्फ म्हणजे आपला शेवाळलेला कातळ: पाय हलका, ट्रॅक्शन कंट्रोल चालू. भुसभुशीत ताजा, खोल बर्फ म्हणजे आपला मळा. तिथला ड्रायव्हर रुतल्यावर बटन बंद करून गाडी पुढे-मागे झुलवत बाहेर काढत होता. फरक एवढाच की तिथे ओढणाऱ्या चाकांना लोखंडी साखळ्या लावतात, आणि त्या साखळ्या बघून मला माझी सुंभ आठवली.

गाड्या

बोलेरो पिकअप आणि कॅम्पर फोर बाय फोरमध्ये मिळतात, तसंच टाटा योद्धाही. मागे पाट्यांचं सस्पेन्शन, इलेक्ट्रॉनिक्स कमी, आणि बिघडली तर कणकवली ते चिपळूण कुठेही हात घालणारा मेकॅनिक सापडतो. इसुझू व्ही-क्रॉस १.९ लिटर डिझेलची, १६३ पीएस ताकद आणि ३६० न्यूटन-मीटर जोराची (टॉर्क). चालत्या गाडीत नुसती कळ फिरवून फोर बाय फोर लागतं, फोर-लोला मात्र थांबावं लागतं. टोयोटा हायलक्स भारतात २०२२ मध्ये आली, २.८ लिटर डिझेल, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर. तिच्यात फोर-लो, ट्रॅक्शन कंट्रोल आणि मागचा लॉक तिन्ही आहेत. पाण्यातून जायची क्षमता कंपनी ७०० मिलिमीटर सांगते. ती संथ पाण्याची गोष्ट. व्हाळाला (ओढ्याला) ओढ असेल तर गुडघाभर पाणीही गाडी उचलतं, त्यावर कुठलंच बटन नाही.

हायलक्सच्या पैशांत कामाच्या दोन पिकअप येऊन वर बागेचं कुंपण होईल. शिवाय ज्या गाडीत बायकापोरांना घेऊन लग्नाला जायचं, तिच्या हौद्यात शेणखत भरताना माणसाचा हात अडखळतोच. ज्याला रोज घाट ओलांडून कोल्हापूरला जायचंय, कुटुंब आणि माल एकाच गाडीत हवेत, त्याने व्ही-क्रॉस किंवा हायलक्स बघावी, आणि त्याच्यासाठी ट्रॅक्शन कंट्रोलचे पैसे वसूल आहेत, चिखलासाठी नव्हे, ओल्या डांबरासाठी. कोणत्या व्हेरियंटमध्ये नेमकं काय येतं ते माहितीपत्रकावर बोट ठेवून विचारा. नाव एकच असलेल्या गाडीत टू-व्हील ड्राइव्हही असते. ज्याची गाडी फक्त बाग ते मुख्य रस्ता जाणार, त्याने साधी फोर बाय फोर घ्यावी.

आणि ज्याच्याकडे आधीच टू-व्हील ड्राइव्ह पिकअप आहे, त्याने विकायची घाई करू नये. आधी मागचे टायर बदला. गुळगुळीत हायवे टायरच्या जागी ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे टायर बसवले की लाल मातीत गाडी ओळखू येत नाही. खास चिखलाचे मड-टेरेन मात्र मी घेणार नाही. मळ्यात ते राजा, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी आणि आवाज एसटीसारखा. रुतलात आणि गाडी रिकामी असेल तर मागच्या टायरमधली हवा वीस-पंचवीस पीएसआयवर आणा, टायर पसरून जमीन धरतो. भरल्या गाडीत हे करू नका, टायर रिमवरून सुटेल. आणि डांबरावर यायच्या आत हवा भरायला छोटा कंप्रेसर सीटखाली ठेवा.

मावसभाऊ परवा त्याची वाट दाखवायला घेऊन गेला. साठेक मीटरचा चढ, वरून येणारं पाणी सरळ चाकोरीतून वाहतंय. मी त्याला म्हटलं, गाडीचं नंतर बघू. आधी वरच्या बाजूला चर खणून पाणी व्हाळात वळव, आणि चाकोऱ्यांत दोन ब्रास जांभ्याचा चुरा टाकून दाबून घे. तो म्हणाला, मग फोर बाय फोर कशाला हवी? मी म्हटलं, तेच तर. आता जेसीबीवाल्याची तारीख मिळायची वाट बघतोय, शोरूमवाल्याला त्याने मृगानंतर येतो म्हणून कळवलंय.