हाराल्ड सिगुर्डसन म्हणायचं की हाराल्ड हार्डराडा?

नॉर्स (जुन्या नॉर्वे-डेन्मार्ककडच्या) राजांची वंशावळ मांडायला बसलेल्या एका मैत्रिणीला प्रश्न पडलाय: नोंदी वडिलांच्या नावाने लावायच्या की टोपणनावाने? वरची दोन्ही नावं एकाच राजाची: 'सिगुर्डसन' म्हणजे सिगुर्डचा मुलगा, 'हार्डराडा' हे टोपणनाव.

ओळख पटवण्यात टोपणनाव सरस. नॉर्वेत ओलाफ हाराल्डसन नावाचे राजेच दोन. एक 1030 मध्ये स्टिकलेस्टाडच्या लढाईत पडलेला संत ओलाफ, दुसरा 1093 पर्यंत राज्य केलेला ओलाफ किरे. नुसतं 'हाराल्डसन' लिहिलंत की घोळ ठरलेलाच.

पुराव्याला मात्र वडिलांचं नाव भक्कम. डेन्मार्कच्या हाराल्डने येलिंगच्या शिळेवर वडील गोर्म आणि आई थायरा यांची नावं स्वतःच कोरून घेतली. त्याचं 'ब्लूटूथ' हे टोपणनाव (हो, फोनमधलं तेच) लेखी सापडतं ते त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दीडशे वर्षांनी.

नातं कळायलाही हेच बरं, पण डोळे झाकून नको. डेन्मार्कचा राजा स्वेन एस्ट्रिडसन आईच्या, एस्ट्रिडच्या, नावाने ओळखला जातो, कारण ती क्नूट राजाची बहीण; गादीचा हक्क तिच्याकडूनच आला. आणि नॉर्वेचा राजा स्वेरे सिगुर्डसनचं 'सिगुर्डसन' म्हणजे आपण सिगुर्ड राजाचा मुलगा असल्याचा निव्वळ दावा, तोही वादग्रस्त.

वंशावळीत वडिलांचं नाव ठेवा, टोपणनाव कंसात. गोष्टीवेल्हाळ लेख लिहायचा असेल तर बेलाशक उलट करा.