पहिला वायफाय बोर्ड कुठला? नोडएमसीयू, ईएसपी ३२ की पिको डब्ल्यू

भाच्याने विचारलं, "मामा, पहिला बोर्ड कुठला घेऊ?" मी उलट विचारलं, "ठेवणार कुठे?" वायफाय बोर्ड म्हणजे सेन्सर वाचणारा, उपकरणं चालू-बंद करणारा आणि वायफायला जोडता येणारा छोटासा संगणक. वेगाचे आकडे बघत बसू नका, घरगुती कामाला तिन्ही बोर्ड पुरून उरतात. टाकीवर, कुळागरात (पोफळीच्या बागेत) की मखरात, एवढं ठरलं की निम्मी निवड झाली.

टाकीची पातळी बघून पंप चालू-बंद करायचा असेल तर नोडएमसीयू घ्या. यात ईएसपी ८२६६ ही चिप असते आणि तिघांत हाच स्वस्त. अॅनालॉग पिन, म्हणजे कमी-जास्त होणारा व्होल्टेज मोजणारी पिन, एकच, पण इथे ती लागतच नाही. मेख आहे ती रिलेत, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचमध्ये. आमच्या फोंड्याकडे पावसात वीज जात-येत राहते, आणि हा बोर्ड सुरू होताना त्याच्या बऱ्याच पिना क्षणभर हाय होतात, म्हणजे 'चालू'चा इशारा देतात. माझा रिले अशाच एका पिनेवर होता. वीज आली की पंप कुणी न सांगता घुर्र करायचा आणि गप्प व्हायचा. घरच्यांना वाटलं, पंपच बिघडला. रिले डी१ किंवा डी२ या पिनेवर जोडा, त्या अशा हाय होत नाहीत. दुसरं, बोर्ड लगेच जागा होतो, राउटर मात्र सावकाश उठतो, म्हणून वायफाय पुन्हा पुन्हा जोडून बघणारा कोड हवाच. पातळी मोजणाऱ्या पाच व्होल्टच्या अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) सेन्सरची इको पिन थेट जोडू नका, व्होल्टेज कमी करायला मध्ये दोन रेझिस्टर घाला. आणि मोटर चालवायची ती कॉन्टॅक्टरमधून, म्हणजे मोटरचा भार पेलणाऱ्या मोठ्या स्विचमधून. ती जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

कुळागरात विजेचा पॉइंट कुठला? तिथे बॅटरी, म्हणून ईएसपी ३२. अॅनालॉग पिना भरपूर, त्यामुळे चार पोफळींच्या बुंध्याशी चार ओलावा सेन्सर लावता येतात. मात्र या पिनांचे दोन गट आहेत आणि वायफाय चालू असताना दुसऱ्या गटातल्या वाचता येत नाहीत, म्हणून ३२ ते ३९ क्रमांकांच्या पिनांपैकीच निवडा. डीप स्लीपमध्ये, म्हणजे काम नसतानाच्या गाढ झोपेत, चिप सुमारे १० मायक्रोअँपियरवर भागवते, पण नेहमीच्या बोर्डावरचा लाल दिवा आणि व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर मिलिअँपियरमध्ये, म्हणजे कितीतरी पट जास्त, पीत राहतात. जाहिरातीतला आकडा बघून बॅटरीचा हिशेब केलात तर फसाल. सेन्सर कपॅसिटिव्हच, म्हणजे धातू उघडा नसलेलेच, घ्या. उघड्या धातूच्या काड्यांचे स्वस्त सेन्सर मातीत गंजून जातात. हे तिन्ही बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात. घरचं वायफाय तिथवर पोचतं का, ते आधी मोबाइल घेऊन चालत जाऊन बघा.

२०२२ साली आलेला पिको डब्ल्यू शिकण्यासाठी मला सर्वांत आवडतो. बटण दाबून यूएसबी जोडा, पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात मायक्रोपायथन या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेची फाइल टाका, झालं. पण बॅटरीवर तो ईएसपीइतका गाढ झोपत नाही.

राहिलं चतुर्थीचं मखर. रंग बदलणाऱ्या एलईडी पट्टीसाठी डब्ल्यूएलईडी हे तयार सॉफ्टवेअर आहे. ते दोन्ही ईएसपींवर चालतं, पिकोवर नाही. पट्टीला मात्र स्वतंत्र पाच व्होल्टचा पुरवठा द्या. पूर्ण पांढऱ्या उजेडात एकेक दिवा ६० मिलिअँपियरपर्यंत घेतो, शंभर दिवे म्हणजे सहा अँपियर.

भाच्याला ईएसपी ३२ घ्यायला सांगितलं. आधी मखरात लावेल, आणि गणपती पोचवले की तोच बोर्ड कुळागरात.