सुबारू ३६०: चिमुकली, पण चौघांची

जपानमधल्या एका मित्राने जिवापाड जपलेल्या सुबारू ३६० मधून परवा चक्कर मारून आलो. लांबून खेळण्यातली वाटते. दार उघडायला गेलो तर बिजागऱ्या मागच्या बाजूला! पण बसायला ते सोयीचं पडलं. पाठ टेकवायची आणि पाय आत ओढायचे, झालं.

किल्ली फिरवली की मागून टरटर सुरू. ३५६ सीसीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद १६ अश्वशक्ती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, त्यामुळे धुराला जुन्या स्कूटरचा वास. मला आवडला, मागे बसलेल्या बायकोला नाही.

१९५८ मध्ये ही गाडी आली तेव्हा जपानच्या केई वर्गाचा, म्हणजे सगळ्यात छोट्या गाड्यांच्या वर्गाचा, नियम कडक होता: लांबी ३ मीटर, इंजिन ३६० सीसी, त्यापलीकडे नाही. त्यात चार माणसं बसवायची म्हणजे कसरतच. पण गाडीचे डिझायनर शिनरोकू मोमोसे मूळचे विमानं बनवणाऱ्या नाकाजिमा कंपनीतले, वजन वाचवायची सवय अंगात मुरलेली. वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. छप्पर फायबरचं, चाकं १० इंचांची. वजन अवघं ३८५ किलो! चौघांना घेऊन आकागी डोंगराचा चढ चढवून पाहिला, मगच बाजारात आणली. किंमत ४,२५,००० येन.

खड्ड्यांत मात्र ती अपेक्षेपेक्षा मऊ चालते, टॉर्शन बारची, म्हणजे स्प्रिंगसारख्या पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्यांची कृपा. चढावर मित्राने गिअर खाली घेतला, आणि मी उगाचच पुढे वाकून बसलो.