मूठ आवळली की काय मोजायचं: वीज की थरथर?

हाताच्या हालचालींनी संगीत वाजवायचं म्हटलं, तर कॅमेऱ्यासमोर मूठ नुसती मिटली काय आणि नखं रुतेपर्यंत आवळली काय, चित्र एकच. तो जोर आवाजात उतरवायचा तर स्नायूपर्यंत जावंच लागतं. तिथे इएमजी (इलेक्ट्रोमायोग्राफी) स्नायूतली वीज मोजतं, एमएमजी (मेकॅनोमायोग्राफी) आकुंचनाची थरथर.

एमएमजीचा मोह मला आजही सुटलेला नाही. कातडीवर चिमुकला मायक्रोफोन, वरून पट्टा, झालं. शिवाय सिग्नल हाच मुळात आवाज, थेट ऐकवता येतो. कलाकार मार्को डोनारुम्माचं ‘एक्स्थ सेन्स’ हे वाद्य यावरच चालतं. 2012 साली जॉर्जिया टेकच्या गथमन वाद्यस्पर्धेत ते गाजलं. हाताच्या झटक्याला एमएमजी जशी उसळी घेतं, तशी इएमजीत मला तरी जाणवली नाही.

माझं घोडं अडलं ते स्पीकरपाशी. ही थरथर बहुतेक 100 हर्ट्झच्या खालची, आणि तालमीतला बेसही तिथेच. हात सैल सोडून उभा राहिलो तरी बेसचा दणका बसला की सेन्सर म्हणे, मूठ आवळली! मग आवाज चढे, त्याने मायक्रोफोन आणखी हादरे. फिल्टर लावावा तर स्नायूच गायब. उंबरठा, म्हणजे सेन्सरने दखल घ्यायची किमान पातळी, वाढवला तर हलकी पकड गेली, आणि मला तर तीच हवी होती.

इएमजीची कटकट निराळी. कातडी स्पिरिटने पुसा, इलेक्ट्रोड स्नायूच्या दिशेने लावा. घाम आला की कड सुटते, आणि जागा जराशी सरकली की शिकवलेल्या खुणा प्रोग्रॅम ओळखेनासा होतो. विजेच्या लाइनची घूं घूं आहेच, पण ती 50 हर्ट्झवर आणि त्याच्या पटींत ठाण मांडून बसते, त्यामुळे नेमकी तेवढीच वारंवारता छाटणाऱ्या नॉच फिल्टरने बरीचशी जाते. मूठ धरून ठेवली की पातळी टिकते, सावकाश सोडली की सावकाश उतरते. लांब स्वराला हेच लागतं. संगीतकार अताउ तनाका 1990च्या दशकात ‘बायोम्यूज’ या यंत्रावर वाजवत होते ते इएमजीच.

दोन्ही परवडत असतील तर उत्तम, ती एकमेकांना पूरक आहेत. हेडफोनवर काम असेल किंवा नर्तकाचे झटकेच टिपायचे असतील, तर एमएमजीला नाही म्हणू नका. हातावर बांधायचा जुना ‘मायो’ हा इएमजी पट्टा स्वस्तात मिळाला तरी जपून; विक्री 2018मध्येच थांबली. स्पीकर लावून वाजवायचं असेल तर मात्र मी इएमजी घेईन, आणि इलेक्ट्रोडचं एक पाकीट जास्तीचं.